अमेरिकेत हिप-ड्रॉप टॅकलवर बंदी आली. आपल्या कबड्डीत मागून पायावर पडणाऱ्या पकडीचं काय करायचं?

कोच_हर्णै

नमस्कार मंडळी. मी दापोली तालुक्यात शाळेत पीटी शिकवते आणि संध्याकाळी मुलींचा कबड्डी संघ चालवते. प्रश्न अमेरिकन फुटबॉलपासून सुरू होतो, पण उत्तर मला आपल्या मैदानासाठी हवंय. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मार्च २०२४ मध्ये एनएफएलच्या, म्हणजे तिकडच्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या, संघमालकांनी एकमताने एक नियम मंजूर केला. बचाव करणाऱ्याने पळणाऱ्याला दोन्ही हातांनी धरलं, मग स्वतःचे पाय सोडून कंबर वळवली, आणि सगळं अंग त्याच्या गुडघ्यावर किंवा गुडघ्याखाली टाकून पाय अडकवला, तर तो फाउल. यालाच हिप-ड्रॉप टॅकल म्हणतात; टॅकल म्हणजे पकड. दंड १५ यार्डांचा, वर चेंडू असलेल्या संघाला आपोआप नवा फर्स्ट डाऊन, म्हणजे पुढे सरकायच्या संधी पुन्हा पहिल्यापासून. १५ यार्ड म्हणजे साधारण १३.७ मीटर. पुरुषांचं कबड्डीचं अख्खं मैदान लांबीला १३ मीटर असतं, यावरून दंड केवढा ते बघा.

माझा भाचा तिकडे शिकतो. त्याने मला बाल्टिमोरच्या मार्क अँड्र्यूजला नोव्हेंबर २०२३ मध्ये झालेल्या दुखापतीची क्लिप पाठवली. मी ती आवाज बंद करून, थांबवत थांबवत पाहिली. मागून धरणारा सिनसिनाटीचा लोगन विल्सन. त्यात ना ठोसा आहे, ना डोक्यावर आदळणं. मागून कंबरेला मिठी, मग लोंबकळणं, आणि खाली येताना अंग थेट पोटरीवर आणि घोट्यावर. अँड्र्यूज त्यानंतर मैदानात दिसला तो थेट जानेवारीच्या शेवटी.

ही क्लिप मला नवीन नव्हती, कारण हेच मी गेल्या मोसमात आमच्याकडे पाहिलंय. रात्रीचे सामने, मॅट घातलेली. माझी चढाईपटू टच मारून मध्यरेषेकडे वळली होती. मध्यरक्षक मुलीने मागून मगरमिठी घातली. चढाईवाली अंगाने दणकट, ती तिला ओढत रेषेकडे निघाली. मग त्या मुलीने दोन्ही पाय उचलले आणि सगळा भार खाली सोडला. चढाईवालीचा डावा पाय मॅटला चिकटलेला, बूट हलला नाही, टाच जराशी वर, आणि त्याच पायावर दोघींचं वजन आलं. पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं मी बाकावरून पाहिलं. पंचांनी शिट्टी वाजवली ती पकडीचा गुण द्यायला. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, तसं वेगळं काही त्यांना सांगितलेलंच नव्हतं. पकडणारी मुलगीसुद्धा तिला शिकवलं तेच करत होती.

माझं मत स्पष्ट आहे. ही पकड बंद व्हायला हवी. पण एनएफएलच्या खेळाडूंच्या संघटनेनेच या नियमाला विरोध केला असं वाचलं, आणि मी थबकले. ज्यांचे घोटे मोडतात तेच विरोध का करतात? आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: अंगाने लहान असलेल्या माझ्या मध्यरक्षकाला मी त्याऐवजी काय शिकवू? नुसतं "हे करू नकोस" म्हटलं तर ती पुढच्या सामन्यात एक तर चढाईवालीला सोडून देईल, नाहीतर तेच करेल.

रत्नागिरी_ते_जर्सी

ताई, छान विषय काढलात. मी मूळचा रत्नागिरीचा, इथे बरीच वर्षं आहे आणि रविवारची मॅच चुकवत नाही. कबड्डी शाळेपर्यंतच खेळलो, त्यामुळे तिकडचं तुम्हीच ठरवा. इकडचं सांगतो.

लीगने नियमाच्या वेळी आकडे दिले होते. २०२३ च्या हंगामात असे टॅकल २३० झाले आणि त्यातून १५ खेळाडूंना काही काळ बाहेर बसावं लागलं. म्हणजे दर पंधरा-सोळा टॅकलमागे एक माणूस. बाकीच्या टॅकलच्या तुलनेत दुखापतीचं प्रमाण २० ते २५ पट, असं त्यांचं म्हणणं. या हिशेबाकडे पाहून मालकांनी नियमाच्या बाजूने मत दिलं. अँड्र्यूज एकटा नाही. जानेवारी २०२३ मध्ये डॅलसचा टोनी पोलार्ड प्लेऑफमध्ये अशाच टॅकलने पडला, पायाचं बाहेरचं हाड मोडलं आणि शस्त्रक्रिया झाली.

आता संघटनेचा विरोध. तो घोट्याची पर्वा नाही म्हणून नव्हता. त्यांचा मुद्दा असा, की पळत्या माणसाला मागून गाठल्यावर पडण्याची दिशा बचाव करणाऱ्याच्या हातात उरतेच असं नाही. समोरचा शंभर किलोच्या वरचा, तो पुढे ओढतोय, तुम्ही मागे लटकलेले. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढ्यात सगळं संपतं. तेवढ्यात "कंबर वळवली" आणि "कंबर आपोआप वळली" यातला फरक कोण ठरवणार? खेळाडू, प्रशिक्षक, पंच, प्रेक्षक, सगळेच गोंधळतील असं त्यांनी आधीच सांगितलं होतं.

त्यामागे जुनी ठसठसही आहे. डोकं खाली घालून हेल्मेटने धडक मारायची नाही, हा नियम २०१८ मध्ये कडक केला. वर मारायचं नाही. गुडघ्यावर जायचं नाही. मागून कॉलर धरून खाली खेचायचं नाही. आणि आता कंबर धरून खाली बसायचं नाही. बचावपटू विचारतात, उरलं काय? शिवाय दंडाची रक्कम कापली जाते ती त्याच्याच पगारातून. आणि संघटना कधीपासून मागतेय की कृत्रिम गवत काढा, सगळीकडे खरं गवत लावा. ते मात्र मालकांनी सगळीकडे केलेलं नाही, कारण तिथे त्यांचा स्वतःचा पैसा लागतो. हा राग मला पटतो.

तरीही मी नियमाच्या बाजूने आहे. कॉलर धरण्यावर बंदी आली २००५ मध्ये. त्याच्या आधीच्या डिसेंबरात डॅलसच्या रॉय विल्यम्सने फिलाडेल्फियाच्या टेरेल ओवेन्सला तसं खेचलं होतं आणि त्याचा पाय मोडला होता. आज इथल्या शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं की कॉलरला हात घालायचा नाही, आणि टॅकल काही संपले नाहीत.

त्याहून जुनं उदाहरण आणखी बोलकं आहे. १९७६ मध्ये कॉलेज आणि शाळांच्या फुटबॉलमध्ये डोकं भाल्यासारखं पुढे करून भिडण्यावर बंदी आली. मानेचा मणका मोडून चारही हातपाय कायमचे लुळे पडलेल्या खेळाडूंची नोंद त्या हंगामात ३४ होती. १९८४ मध्ये ती ५ वर आली. एका नियमाने आणि त्यामागून बदललेल्या शिकवणीने एवढी पोरं चालती राहिली.

जुना_कोपरारक्षक

मी गुहागरचा. उजव्या कोपऱ्यात उभं राहून उमेदीची वर्षं घालवली, म्हणून बचाव करणाऱ्याची बाजू मांडतो. मॅडमना वाईट वाटू नये.

चढाईवाला लाथ मारतो ती आमच्या तोंडावर बसते. गुडघा छातीत बसतो. माझे पुढचे दोन दात मैदानात गेले, तेव्हा चढाईवाल्याला गुण मिळाला, कारण टच झाला होता. त्यावर कुणी कागद काढला नाही. पकड करणाऱ्याने जरा वजन टाकलं की लगेच नियम! कबड्डी अंगावर घ्यायचा खेळ आहे. मागून धरलेला चढाईवाला रेषेला हात लावायला निघालाय, अर्ध्या हाताचं अंतर उरलंय, अशा वेळी मी वजन नाही टाकायचं तर काय त्याला पोचवायला जायचं?

पूर्वी आम्ही मातीवर खेळायचो, अनवाणी. लाल माती चाळून, पाणी मारून, रोलर फिरवून केलेलं मैदान. पाय अडकायचा नाही, सरकायचा. कातडी सोलायची, पण घोटे असे फिरायचे नाहीत. मला विचाराल तर दोष पकडीचा नाही, मॅटचा आणि त्या रबरी बुटांचा आहे. बंदी घालायची तर आधी त्याचा विचार करा.

फिजिओ_चिपळूण

काका, मातीबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष अर्धाच आहे. शरीराच्या बाजूने सांगते.

नेहमीचा मुरगळलेला पाय आत वळतो आणि घोट्याच्या बाहेरच्या बाजूची बंधनं ताणली जातात. मागून पायावर वजन पडतं तेव्हा उलट होतं. पाऊल जमिनीला खिळलेलं, वरची नडगी वळते, आणि पाऊल तिच्या मानाने बाहेर फिरतं. नडगीचं जाड हाड आणि त्याच्या शेजारचं बारीक हाड खालच्या टोकाला एकमेकांना बांधलेली असतात. ते बांधकामच फाकतं. त्याला वरच्या घोट्याची दुखापत म्हणतात. कधी सोबत बारीक हाड मोडतं, तेही कधीकधी वर गुडघ्याजवळ, जिथे कुणी पाहत नाही. फाकलेली हाडं जवळ आणायला काही वेळा स्क्रू किंवा दोरीसारखं बंधन घालावं लागतं. साध्या मुरगळीपेक्षा हे बरं व्हायला खूपच जास्त वेळ लागतो.

पाऊल खिळलेलं असणं ही यातली पहिली अट. मॅटवर बूट घट्ट बसतो म्हणून ती अट सहज पुरी होते, इथवर काका तुमच्या बाजूने. पण दुसरी अट म्हणजे वरून येणारं वजन. ते आलंच नाही, तर नुसत्या मॅटने घोटा फाकत नाही. मातीवरही पाय खड्ड्यात बसला असेल तर हेच होईल. मॅट आता जाणार नाही. जिल्ह्याच्या वर खेळायचं तर मुलींना त्यावरच खेळायचंय. म्हणून जी अट माणसाच्या हातात आहे तिच्यावर काम करू या.

कोच मॅडम, एक गोष्ट अगदी कळकळीने. अशा पकडीनंतर मुलगी चार पावलं टाकू शकत नसेल, किंवा पोटरी मधोमध दोन्ही बाजूंनी दाबल्यावर खाली घोट्याच्या वर कळ येत असेल, तर तिला त्या रात्रीच एक्स-रेला न्या. तेल चोळायचं नाही, ओढून "बसवायचं" नाही. आपल्याकडे सामन्यानंतर कुणीतरी जाणता पुढे येतो आणि घोटा ओढतो. फाकलेल्या हाडांना ते अतिशय वाईट. एक्स-रे साधा दिसला तरी वरच्या घोट्याची शंका डॉक्टरांना बोलून दाखवा, कारण पायावर भार न देता काढलेल्या फोटोत कधीकधी फट दिसत नाही.

पंच_खेड

मी पंच म्हणून उभा राहतो, तेव्हा शिट्टीच्या बाजूने बोलतो.

नवा नियम लिहायची गरजच नाही, असं माझं मत आहे. आपल्या नियमांत आधीच आहे: चढाईपटूचं तोंड दाबणं, गळा आवळणं, पायांची कैची घालणं, शरीराला इजा होईल अशी आडदांड पकड करणं, हे सगळं नियमबाह्य. तशी पकड झाली तर चढाईपटू बाद धरायचा नाही. पुढे कार्ड आहेत: हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर. पायावर पडण्याची पकड या कलमात बसवता येते. अडचण अशी की "इजा होईल अशी" म्हणजे नक्की कशी, हे प्रत्येक पंच आपापल्या डोक्याने ठरवतो. आणि गावच्या सामन्यात, यजमान संघाच्या मुलीविरुद्ध, शेवटच्या दोन मिनिटांत, बहुतेक जण काहीच ठरवत नाहीत.

एनएफएलवाल्यांनी निदान पकडीचे तुकडे पाडून लिहिलं, ते मला आवडलं. दोन हातांनी धरलं का, अंगाचा भार सोडला का, पायावर पडून तो अडकवला का. तिन्ही एकत्र असतील तरच फाउल. पंचाला असंच लिहून हवं असतं. पहिल्या दोन गोष्टी मला बाजूच्या रेषेवरून स्वच्छ दिसतात. तिसरी दिसत नाही, साखळी तुटून चार-पाच मुली अंगावर आल्या की खाली कुणाचा पाय कुणाखाली आहे हे देवालाही कळणार नाही. म्हणून मी एवढंच म्हणेन, एकट्या बचावपटूने मागून केलेली पकड असेल तेव्हाच हे लावा. गर्दीत लावू नका, अन्याय होईल.

जर्सीवाले दादा, तिकडे मैदानावरच फ्लॅग (फाउलची खूण) टाकतात की नंतर व्हिडिओ बघून?

रत्नागिरी_ते_जर्सी

फ्लॅग टाकता येतो. पण नियम आला तेव्हाच लीगच्या अधिकाऱ्यांनी सांगितलं होतं की बरंचसं काम सामन्यानंतर होईल: व्हिडिओ पाहून आधी समजपत्र, मग दंड. हेल्मेटच्या नियमाचंही तसंच चालतं. मैदानात सात पंच असूनही ही अडचण, यावरून तुमचं दुखणं खरं आहे हे कळतं. हिप-ड्रॉप हा शब्द जिथून आला त्या ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्येही नंतर व्हिडिओ पाहून खेळाडूला पुढच्या सामन्यांतून निलंबित करतात.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सिएटलच्या संघाने २०१४ मध्ये रग्बीवरून घेतलेल्या टॅकलच्या पद्धतीचा व्हिडिओ सगळ्यांसाठी खुला केला होता. त्यात खांदा मांडीला लावून, दोन्ही हात आवळून, पडताना समोरच्याला घेऊन कुशीवर लोळण घ्यायची, असं दाखवलंय. वजन त्याच्या पायावर न जाता दोघं मिळून बाजूला फिरतात. भाच्याला शोधून द्यायला सांगा.

कोच_हर्णै

सगळ्यांचे मनापासून आभार. पाहिला तो व्हिडिओ, आणि मुलींवर थोडं करूनही पाहिलं. अजून ओबडधोबड आहे, पण काय दिसलं ते सांगते.

मागून धरताना मध्यरक्षकाचं डोकं चढाईवालीच्या पाठीमागे मधोमध राहिलं की ती लटकते, आणि लटकली की खाली पायावरच येते. तेच डोकं तिच्या एका कुशीकडे, कमरेच्या हाडाला कान लागेल असं नेलं, तर पडणं आपोआप त्या बाजूला होतं. मुलींना "पाय उचलू नकोस" हे सांगून उमगत नव्हतं. "कान कमरेला लाव आणि कानाच्या बाजूला लोळ" हे एका झटक्यात उमगलं. लहान चणीच्या मुलीलाही जमतं, कारण चढाईवालीचा जोर ज्या दिशेला आहे त्याला ती आडवी जाते, मागे ओढत बसत नाही. मध्यरेषेच्या अगदी जवळ मात्र हे अजून फसतं. लोळण घेताना दोघी रेषेवर जातात आणि चढाईवालीचा हात पलीकडे पडतो. तिथे निदानरेषेच्या (चढाईवालीला ओलांडावी लागते त्या आतल्या रेषेच्या) आसपासच पकड लावायची सवय लावावी लागेल, म्हणजे मागून धरायची वेळच कमी येईल. ते काम पावसाळ्यात हॉलमध्ये करणार आहे.

काका, तुमच्या दातांचं वाचून वाईट वाटलं, आणि तुमचा मुद्दा मी बाजूला टाकलेला नाही. तोंडावर बसणारी लाथ हीसुद्धा इजाच आहे. चढाईवालीला मी छातीच्या वर पाय न्यायला मनाई करते आणि पुढेही करेन. पण पकड करणाऱ्यांनी सोसलं म्हणून चढाईवाल्यांनीही सोसावं, हे मला मान्य नाही. मुली दहावी-बारावीत आहेत. एकीचा घोटा गेला की घरचे तिच्याबरोबर धाकटीलाही मैदानावर पाठवायचं बंद करतात, हे मी डोळ्यांनी पाहते आहे. एनएफएलच्या खेळाडूला दुखापतीतही मोठी वैद्यकीय फौज मिळते. इथे मुलीला सकाळच्या एसटीने दापोलीला न्यायला वडिलांना होडीवरची मजुरी सोडावी लागते.

पंच साहेब, तुमचं पटलं. गर्दीत लावायचं नाही. आमच्या पंचक्रोशीच्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात घालण्यासाठी मी असं लिहिलंय:

"एकट्या बचावपटूने चढाईपटूला मागून दोन्ही हातांनी धरून, स्वतःचे दोन्ही पाय जमिनीवरून सोडून, अंगाचा भार चढाईपटूच्या गुडघ्यावर किंवा गुडघ्याखाली टाकल्यास ती पकड धोकादायक समजली जाईल. चढाईपटू बाद नाही. बचावपटूस पहिल्या वेळी हिरवे कार्ड, पुन्हा केल्यास पिवळे."

यात काही अडतंय का ते सांगा.

पंच_खेड

"दोन्ही पाय सोडून" यातला "दोन्ही" काढा. एक पाय टेकवून दुसऱ्याने वजन टाकणारे निघतील आणि माझ्याशी हुज्जत घालतील. "स्वतःच्या पायांवरचा भार सोडून" असं करा. आणि सामन्याआधी दोन्ही संघांना मैदानात बोलावून ही पकड एकदा प्रत्यक्ष दाखवायची, ही अट पत्रकातच घाला. दाखवल्यावर कार्ड काढायला मला जड जाणार नाही.

जुना_कोपरारक्षक

मॅडम, माझं मत अजून तेच आहे. पण ती कान लावायची पकड मला बघायची आहे. शिमग्यानंतर हर्णैला येतो. आमची दोन पोरं पण आणतो, त्यांनाही मागून लटकायची खोड आहे.

कोच_हर्णै

या काका, जरूर या. संध्याकाळी पाचनंतर मैदानावरच असते. पोरांना मॅटचे बूट आणायला सांगा, मातीवर नाही करायचं हे, मॅटवरच बघायला हवं.